आयोवातला सातबारा

सासऱ्यांना फोनवर अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या आमच्या नव्या गावाची बातमी दिली, तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. "पाऊस किती? आणि जमीन काय भावानं?" वाळवा तालुक्यात उसात आयुष्य गेलेला माणूस. हॉस्पिटल कुठलं, व्हिसा कुठला, यात त्यांना रस नव्हता. पावसाचं मला सांगता आलं नाही. जमिनीचा भाव मात्र रात्री शोधून काढला. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी दरवर्षी शेतजमिनीच्या किमतींची पाहणी करते. २०२२ ची राज्याची सरासरी होती एकरी ११,४११ डॉलर, म्हणजे साडेनऊ लाख रुपयांच्या आसपास.

"एकरी? गुंठ्याला नाही ना?" आप्पांनी दोनदा विचारलं. "काळी जमीन, पाटाचं पाणी नाही, तरी मका येतो, आणि साडेनऊ लाख? मग चार एकर घेऊनच टाका."

चार एकर कोणी विकत नाही, हे त्यांना पटवणं अवघड होतं. आयोवातलं सरासरी शेत साडेतीनशे एकरांच्या घरात. शिवाय ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाला इथं शेतजमीन घेताच येत नाही. आपल्याकडे शेतकरी असल्याचा दाखला लागतो, इथं हे. आप्पा म्हणाले, "बरं. मग घर तरी घ्या. एवढी स्वस्ताई आहे तर."

घर तरी घ्या. त्याला पुढे दहा महिने लागले.

आम्ही इथं आलो जुलै २०२३ मध्ये. नवऱ्याची शिकागोतली रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टरकीचं पुढचं प्रशिक्षण, जे-१ व्हिसावर झाली होती. हा व्हिसा असला की शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी जाऊन राहावं लागतं. ते टाळायचं तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी करायची. सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या नावाची ही योजना १९९४ पासून चालू आहे, आणि आता प्रत्येक राज्याला वर्षाला तीस जागा मिळतात. अमेरिकेतल्या आडगावांत भारतीय डॉक्टर का भेटतात, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. आमच्या वाट्याला आलं स्टॉर्म लेक. वायव्य आयोवा, ब्युएना व्हिस्टा काउंटी, काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा. सू सिटी सव्वा तासावर. भारतीय किराणा, देऊळ, गणपती हे सगळं डे मॉइनच्या बाजूला, अडीच तासांवर. ते देऊळ ज्या गावात आहे त्याचं नाव मॅड्रिड. नावांच्या बाबतीत या राज्याचा हात सैल आहे.

आमच्या काउंटीचं नाव तर १८४७ साली मेक्सिकोत झालेल्या लढाईवरून पडलंय. अमेरिकेनं मेक्सिकोविरुद्ध लढलेल्या युद्धातली ती लढाई. आज त्याच काउंटीच्या मुख्य गावात, शाळेच्या फाटकाशी उभं राहिलं की इंग्रजीच्या आधी स्पॅनिश कानावर पडते.

हे कसं झालं, ते मला आधी माहीत नव्हतं. मुलीला बालवाडीत घालताना एक फॉर्म आला: घरात कोणती भाषा बोलता? खाली छापलेली यादी. स्पॅनिश, लाओ, आणि पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या अशा भाषा की ज्यांची नावंही मी ऐकली नव्हती. मराठी नव्हती, ती मी 'इतर'मध्ये लिहिली. काउंटरवरच्या बाईंनी ती वाचून संगणकात भरली. त्यांच्या चेहऱ्यावर 'हे काय नवीन' असं अजिबात नव्हतं. शिकागोत मला दर महिन्याला कोणाला तरी सांगावं लागायचं की भारतात हिंदीखेरीज भाषा आहेत.

गोष्ट मांसाच्या कारखान्यांची आहे. हायग्रेड कंपनीचा डुकराच्या मांसाचा कारखाना १९८१ साली बंद पडला. युनियनचा, चांगल्या पगाराचा. पुढच्या वर्षी तोच कारखाना आयबीपी कंपनीनं कमी मजुरीवर चालू केला. जुन्या कामगारांपैकी फार थोडे परतले. लाओसहून आलेली निर्वासित कुटुंबं आली, मग मेक्सिकन, ग्वातेमालन, साल्वादोरन, अलीकडे मायक्रोनेशियन. २००१ मध्ये टायसननं आयबीपी घेतली. गावात टर्कीचाही कारखाना आहे. वारा त्या बाजूनं असला की सकाळी खिडकी उघडायच्या आधी दोनदा विचार करावा लागतो.

पण याच कारखान्यांमुळे गाव जिवंत आहे. १९९० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ८,७६९ होती. २००० मध्ये १०,०७६, २०२० मध्ये ११,२६९, आणि गावातले लोक छातीठोकपणे सांगतात की खरा आकडा बराच मोठा आहे, सगळे मोजणीत येत नाहीत. आजूबाजूला उलटं चित्र. शेतं मोठी झाली, यंत्रं मोठी झाली, माणसं लागेनाशी झाली. त्यात १९८० च्या दशकातल्या शेतीसंकटानं कर्जबाजारी घरं उठवली. १९३० च्या आधी आयोवातून अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येच्या प्रमाणात ११ खासदार जायचे, आता ४ जातात. शेजारच्या गावांतून गाडी नेली की मुख्य रस्त्यावर बँकेची सुंदर विटांची इमारत, आत काही नाही, आणि पलीकडे धान्याचे उंच कोठार.

तिथं घरं स्वस्त आहेत, हेही खरं. चाळीस हजार डॉलरलाही दिसतात. छत खचलेलं असतं, आणि जवळचा किराणा पंचवीस मैलांवर.

स्टॉर्म लेकमध्ये मात्र घरच नव्हतं. हॉस्पिटलनं तीन महिन्यांसाठी फर्निचरसकट अपार्टमेंट दिलं होतं. ते संपल्यावर भाड्याचं शोधू म्हटलं, तर प्रत्येक ठिकाणी प्रतीक्षायादी. शेवटी एका तळघरात मिळालं. मला काम करायची परवानगी नव्हती, वेळच वेळ होता, म्हणून घरशोधणी माझ्याकडे आली. आमची एजंट साठीची, गावातच वाढलेली. पहिल्या भेटीत तिनं विचारलं, "बजेट किती?" मी म्हटलं, दोन लाखांपर्यंत. ती म्हणाली, "बजेट चांगलंय. आता घर कोण रिकामं करतंय ते बघू."

हे वाक्य मला कळायला हिवाळा उजाडला. तोवर रोज मी काउंटीच्या असेसरचं, म्हणजे घरपट्टीसाठी घरांच्या किमती लावणाऱ्या अधिकाऱ्याचं, संकेतस्थळ बघत बसायचे. इथं कोणाचंही घर नकाशावर टिचकी मारून बघता येतं: मालकाचं नाव, बांधल्याचं वर्ष, किती चौरस फूट, शेवटचा सौदा कधी आणि कितीला, पोर्चची मापं टाकलेलं रेखाचित्रसुद्धा. पहिल्यांदा मला चोरून कोणाचं तरी पासबुक वाचल्यासारखं वाटलं. मग सवय झाली. आमच्या मनात भरलेल्या दोन-तीन गल्ल्यांतली घरं मी एकेक करून तपासली. १९६४, १९७१, १९७८, १९५९. घर घेतल्याची वर्षं ही. त्यानंतर विक्रीच नाही. तीन-चार बेडरूम, आणि आत एकटी आजी.

एजंटनं सांगितलं ते असं. या आज्यांना खरं तर लहान, एकमजली, जिना नसलेलं घर हवंय. तसं गावात नाही. म्हणून त्या हलत नाहीत. त्या हलत नाहीत म्हणून चार मुलांचं कुटुंब दोन खोल्यांच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे तयार आणून ठेवलेल्या घरात, राहतं: ट्रेलर स्वतःचा, खालची जागा भाड्याची, भाडं वाढलं तर ट्रेलर उचलून न्यायचीही सोय नाही. मी विचारलं, मग कोणी बांधत का नाही? एका ठेकेदारानं आम्हाला हिशेब करून दिला होता. पंधराशे चौरस फुटांचं नवं घर, जमीन धरून, साडेतीन लाखांच्या खाली बसत नव्हतं. बांधून झाल्यावर बँकेचा मूल्यांकनकार त्याची किंमत पावणेतीन लाख धरणार. मधले पाऊण लाख कोणी घालायचे? म्हणजे गावात माणसं वाढताहेत, नोकऱ्या आहेत, मागणी आहे, आणि तरी बांधणाऱ्याला पहिल्या दिवसापासून तोटा. पुण्यात वाढलेल्या मला, जिथं खड्डा खणायच्या आधी फ्लॅट विकले जातात, हे पचायला वेळ लागला.

घर शेवटी जाहिरातीतून मिळालंच नाही. नवऱ्याबरोबर काम करणारी एक लाओ नर्स आहे, इथंच जन्मलेली. तिनं फेब्रुवारीत सांगितलं की तिच्या आईच्या शेजारच्या आजी मुलीकडे जायचं म्हणताहेत. त्याच संध्याकाळी आम्ही गेलो. बर्फ नुकतं पडलेलं. आजी शहाऐंशी वर्षांच्या, दारात उभ्या. आधी आमचे बूट बघितले, मग आम्हाला. मी बूट काढायला वाकले तशा त्या एकदम नरमल्या. लाओ शेजारणीनं चाळीस वर्षांत गल्लीला एवढं शिकवलं होतं.

घर १९२६ चं. तीन बेडरूम, साडेचौदाशे चौरस फूट, मागं वेगळं गॅरेज, खाली तळघर. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मुलांच्या उंचीच्या खुणा, शेजारी सालं: १९६३, ६५, ६८. त्यांचे यजमान जुन्या कारखान्यात होते. तो बंद पडल्यावर त्यांनी शाळेची बस चालवली. "मुलं चारही गेली," आजी म्हणाल्या. "डे मॉइन, मिनियापोलिस, डेन्व्हर, आणि एक टेक्ससमध्ये." आमच्या इस्लामपूरच्या गल्लीतल्या कुठल्याही घरात हेच वाक्य ऐकायला मिळेल. फक्त गावांची नावं पुणे, बेंगळुरू, आणि हो, आयोवा.

एक लाख पंच्याऐंशी हजारांवर बोलणं ठरलं.

मग कर्ज. इंटरनेटवरच्या एका मोठ्या कर्जसंस्थेनं व्हिसा बघून विषयच बंद केला. गावातल्या बँकेत मात्र मॅनेजर समोर बसला, तीन वर्षांचा करार वाचला, आणि विचारलं, "तीन वर्षांनी राहणार का?" नवरा म्हणाला, माहीत नाही. त्यानं मान डोलावली आणि वीस टक्के भरा म्हणाला. व्याज सात टक्के. आधीच्या ऑक्टोबरमध्ये तीस वर्षांच्या कर्जाचा देशातला सरासरी दर ७.७९ पर्यंत गेला होता, त्यामुळे सात ऐकून आम्ही खूश झालो. माणूस कशानं खूश होईल याचा नेम नाही.

तपासणीवाला आला. जुन्या मातीच्या नळ्यांची सांडपाण्याची लाइन, थोडं जुनं वायरिंग, आणि रेडॉन. हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू. आयोवाच्या सगळ्या ९९ काउंट्या त्याच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात येतात. तळघरात दोन दिवस एक डबा ठेवला, खिडक्या बंद. चारच्या वर आलं तर उपाय करा असा सरकारी दंडक आहे, आमचं नऊ आलं. आजी म्हणाल्या, "मी त्र्याहत्तर सालापासून तिथं कपडे धुतेय." पंधराशे डॉलरची नळी आणि पंखा बसवायचं ठरलं, निम्मे त्यांनी दिले.

खरी अडचण आली बँकेच्या मूल्यांकनात. घराची किंमत ठरवताना मूल्यांकनकार आसपास अलीकडे विकली गेलेली तशीच घरं शोधतो. आमच्या गल्लीत अलीकडे काही विकलंच गेलं नव्हतं. त्यानं एक घर गावाच्या दुसऱ्या टोकाचं घेतलं, आणि दोन वीस-पंचवीस मैलांवरच्या गावांमधली. ज्या गावांतून माणसं निघून जाताहेत तिथल्या भावानं आमचं घर मोजलं गेलं. आकडा आला एक लाख शहात्तर हजार. बँक त्याच्या ऐंशी टक्केच देणार, वरचे नऊ हजार आमच्या खिशातून. एजंटनं आजींना फोन लावला. एक लाख ऐंशी. कर्ज १,४०,८००, बाकी ३९,२०० रोख. हप्ता ९३७ डॉलर. त्यावर घरपट्टी आणि विमा मिळून महिन्याला आणखी साडेचारशेच्या आसपास. विम्याचा आकडा बघून मी म्हटलं काहीतरी चुकलंय. चुकलं नव्हतं, गारपीट आहे. ऑगस्ट २०२० च्या वादळानं राज्य आडवं केल्यापासून विमेवाले छताकडे संशयानंच बघतात.

एक लाख ऐंशी हजार म्हणजे दीड कोटी रुपये. बाणेरला त्यात बऱ्यापैकी फ्लॅट येतो. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "स्वस्त म्हणालीस ना?"

आणि मग ते बाड आलं.

अमेरिकेत सगळीकडे घर घेताना मालकीहक्काचा विमा काढतात. आयोवा हे एकच राज्य असं, जिथं खासगी कंपन्यांना १९४७ पासून तो विकायलाच बंदी आहे. त्याऐवजी इथं 'ॲबस्ट्रॅक्ट' असतो. जमिनीच्या त्या तुकड्याचा पहिल्या दिवसापासूनचा इतिहास, कागदाला कागद जोडून. प्रत्येक विक्रीला त्यात नवी पानं टाकतात, वकील पहिल्यापासून वाचतो आणि लेखी मत देतो, मग राज्य सरकारची संस्था हमी देते. आजींनी तो बँकेच्या लॉकरमधून आणला होता. ब्रेडच्या प्लॅस्टिक पिशवीत, रबरबँड लावून. चांगला दोन इंच जाड. एजंट म्हणाली, जपा, हरवला तर नवा करायला फार खर्च येतो. वकिलाकडे जायच्या आधी एक रात्र तो माझ्याकडे होता.

मी रात्री दोनपर्यंत वाचला. पहिल्या पानावर मालक अमेरिकेचं सरकार. मग रेल्वे कंपनी, कारण १८७० साली इथून रेल्वे गेली तेव्हाच हे गाव आखलं गेलं. मग प्लॉट पाडले. मग एक अविवाहित पुरुष, दोन वर्षांत त्याची बायको. मग गहाणखत, गहाण सोडवल्याची नोंद, पुन्हा गहाणखत. १९३३ मध्ये बँकेनं घर ओढून घेतलं. चार ओळींत. त्या घरात तेव्हा कोण कोण होतं याचा उल्लेख नाही. मग १९६१, आणि टाइपरायटरच्या निळसर अक्षरांत आजींचं आणि त्यांच्या यजमानांचं नाव. माझ्या डोळ्यांपुढे आप्पांची पत्र्याची पेटी आली. सातबारा, फेरफार, आठ-अ, आणि प्रत्येक कागदावर त्यांनी पेन्सिलीनं लिहिलेलं 'मूळ प्रत, देऊ नये'.

वकिलाचं मत आठवड्यानं आलं, त्यात एक हरकत. यजमान २००९ मध्ये वारले, पण त्यांचं नाव कमी करायचं राहिलं होतं. म्हणजे वारसनोंद! एवढ्या लांब येऊन आमचं घर वारसनोंदीत अडकलं. मी मनात तलाठी, सर्कल, तारखा सगळं धरून ठेवलं. आजींनी एका पानाचं प्रतिज्ञापत्र केलं, मृत्यूचा दाखला जोडला, काउंटीच्या रेकॉर्डरकडे, म्हणजे नोंदणी कार्यालयात, नोंदलं, संपलं. आप्पांना हे मी तीनदा सांगितलं, त्यांचा विश्वास बसला नाही. "चिरीमिरी काहीच नाही?"

मेच्या शेवटी सह्या झाल्या. आजी घर दाखवायला पुन्हा एकदा आल्या, मागच्या अंगणात घेऊन गेल्या. लाल देठांची, रुंद पानांची झुडपं दाखवून म्हणाल्या, रुबार्ब, देठ खा, पानं विषारी. चव बघितली तर आंबटचुका. नंतर कळलं की खरोखरच चुक्याच्या कुळातला. आता मी डाळ आणि दाणे घालून त्याची पातळभाजी करते, मेक्सिकन दुकानातली मिरची घालून, आणि बाजूच्या लाओ आजींकडे वाटी जाते. त्या परत पाठवताना वाटी रिकामी पाठवत नाहीत.

सप्टेंबरमध्ये घरपट्टीचं पहिलं बिल आलं. इथं घरपट्टी मागे राहून चालते: २०२४ च्या सप्टेंबरात भरायची ती जानेवारी २०२३ च्या किमतीवर. म्हणून आजींनी त्यांच्या वाटचे पैसे विक्रीच्या वेळीच वजा करून दिले होते. हेही मला दोनदा समजून घ्यावं लागलं.

आणि २०२५ च्या मार्चअखेरीस असेसरची नोटीस. दर विषम वर्षी किमती नव्यानं लावतात. आमच्या घराची नवी किंमत: दोन लाख तीन हजार. नवरा ड्युटीवरून आला, कागद वाचला, म्हणाला, "वर्षापूर्वी हेच घर एकशेशहात्तरचं होतं ना? अपील करू." अपिलाची मुदत २ ते ३० एप्रिल. मी फॉर्म काढला. त्यात विचारलं होतं की किंमत जास्त वाटत असेल तर आसपास अलीकडे विकल्या गेलेल्या तशाच घरांची उदाहरणं द्या.

मी असेसरचं संकेतस्थळ उघडलं, आमची गल्ली काढली, एकेक घर टिचकी मारून बघितलं. १९६४. १९७१. १९७८. १९५९. अलीकडे विकलं गेलेलं एकच घर होतं, आमचं.